छातीवरचा हात

फेब्रुवारी संपत आला की माझी नजर माणसांच्या तोंडांवरून उतरते आणि हातांवर जाते. भाजीवाली एका हातानं पिशवी देते तेव्हा तिचा दुसरा हात कुठे आहे, बसमधला शेजारी खिशात काय चाचपतोय, समोरून येणाऱ्या पोरीची मूठ का मिटलेली आहे, असल्या चौकशा मनात आपोआप सुरू होतात. परवा एका लग्नात नवरीच्या हातावरची मेंदी बघता बघता मी तिचा तळवा जरा जास्तच वाकवून पाहिला. वेलबुट्टीत कुठे सूत्रं तर लिहिली नाहीत ना? नवऱ्यानं कोपरानं ढोसलं आणि कानाशी म्हणाला, "आशीर्वाद द्यायला आलोय आपण, झडती घ्यायला नाही." बावीस-तेवीस वर्षं दहावीच्या मुलांवर पहारा केल्यावर माणसाचं असंच होतं.

यंदाचा आदेशही आला. केंद्र पुन्हा जळकोट. उदगीरहून जळकोटला जाणाऱ्या रस्त्यावर आता पळस फुललाय. झाडाला पान नाही, पण फुलं अशी की कुणी मुद्दाम लक्ष वेधून घेतंय असं वाटावं. (परीक्षेच्या काळात लक्ष वेधून घेणारी गोष्ट दिसली की मी तिच्या बरोबर उलट दिशेला बघते, खरा प्रकार तिकडे चाललेला असतो.) शेतांत हरभऱ्याचे ढीग पडलेत, ज्वारी खळ्यावर आलीय, दुपारचं ऊन डोळ्यांना टोचायला लागलंय. गल्लीतली पोरं चालता चालता पुटपुटतात. देवळापुढे थांबून नंदीच्या कानात काहीतरी सांगणाऱ्यांची गर्दी वाढलीय. आणि आदेशाचा कागद हातात घेतल्या घेतल्या माझा दुसरा हात छातीकडे निघाला. मी तो अर्ध्या वाटेवरून परत आणला. आमच्या भागात छातीवर हात ठेवणं ही साधी गोष्ट नाही, हे मला मागच्या वर्षी कळलंय.

संशय मला नोकरीनं शिकवला असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं. माझं माहेर शिरूर अनंतपाळचं, अप्पांचं धान्याचं दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, ओठांवर शिवाचं नाव आणि डोळ्यांत पुरता अविश्वास, असे आमचे अप्पा. पोतं दारात आलं की तोंडाशी असलेल्या दाण्यांकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. टोकदार पोकळ नळी थेट पोत्याच्या पोटात खुपसायचे, आतले दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाढेखाली फोडायचे. "तोंडाशी सगळ्यांचाच माल चांगला असतो," म्हणायचे, "बघायचं ते पोटात." मला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलगा फार गोड बोलला म्हणून अप्पांनी होकार लांबवला होता. पुढे जावयाचा स्वभाव मुळातच गोड आहे हे पटायला त्यांना बरीच वर्षं लागली.

तर अशा घरातल्या बाईला मागच्या वर्षी, ऐन परीक्षेच्या तोंडावर, नांदेडला प्रशिक्षणाला बोलावणं आलं. विषय होता : शिक्षक आणि घरी कुणाची काळजी घेणाऱ्यांसाठी सजग स्व-करुणा. शाळेत तो कागद हातोहात फिरला. आमच्या शाळेतले बिराजदार सर गणित शिकवतात आणि प्रत्येक गोष्टीचा ताळा करून बघतात. ते खुर्ची ओढून माझ्याजवळ आले.

"मॅडम, ह्यात कायतरी हाय."

"काय असणार?"

"इतकी वर्षं आपल्याला कुनी 'कसं हाव' म्हणून इचारलं न्हाई. अन् आता एकदम करुणा? तिथं जो रडंल त्याचं नाव लिहून घेतील बघा. म्हणतील, हा थकलाय, करा ह्याला अतिरिक्त."

अतिरिक्त म्हणजे शाळेला नको झालेला शिक्षक. जिथे जागा असेल तिथे त्याला पाठवतात, आणि जागा नेहमी लांब असते. सरांचं म्हणणं मला तेव्हा शंभर टक्के पटलं. आम्ही दोघांनी ठरवलं, काही झालं तरी रडायचं नाही.

नांदेडच्या त्या सभागृहात पंखे चालू होते, खुर्च्यांना गाद्या होत्या, उपमा गरम होता. इथपर्यंत मी सोसलं. पण चहात आलं होतं. प्रशिक्षणाच्या चहात आलं? बिराजदार सरांनी कपाच्या वरून माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. पोत्याच्या तोंडाशी फारच चांगला माल लावलेला होता.

शिकवायला पुण्याहून एक ताई आल्या होत्या. आवाज इतका हळू की मागच्या रांगेला वाटावं, आपल्यापासून काही लपवतायत. त्या म्हणाल्या, डोळे मिटा. सभागृहातल्या कुणीही डोळे मिटले नाहीत. मिटल्यासारखे केले. पापण्यांच्या फटीतून जो तो दुसऱ्यानं मिटलेत का ते बघत होता, आणि फटीतून बघणाऱ्यांच्या नजरा एकमेकांना भिडत होत्या. ताईंना हे कोण सांगणार, की आमच्या धंद्यात डोळे मिटणं हा गुन्हा आहे. राखणीला बसलेला जागल्या आणि परीक्षेतला सुपरवायझर, दोघांनीही डोळे मिटायचे नसतात.

मग त्या म्हणाल्या, "एक हात छातीवर ठेवा. तुमची जवळची मैत्रीण फार थकली, खचली, तर तिला तुम्ही काय म्हणता? तेच वाक्य, त्याच आवाजात, स्वतःला म्हणा."

मी हात ठेवला. आता सगळ्यांनी ठेवला तर आपण एकटं कशाला उघडं पडा. आणि वाक्य शोधायला लागले. मी मैत्रिणींना काय म्हणते? "चालायचंच गं." "घरोघरी मातीच्या चुली." "तुझं काय घेऊन बसलीस, माझं ऐक." यातलं एकही वाक्य स्वतःला म्हणण्याजोगं नव्हतं. नीट पाहिलं तर मैत्रिणीला म्हणण्याजोगंही नव्हतं. इतकी वर्षं त्या माझ्याकडे येऊन मन मोकळं करत होत्या आणि मी त्यांच्या हातावर हे ठेवत होते. तेवढ्यात बिराजदार सर पुटपुटले, "मी मित्राला म्हणतो, चल च्या घिऊ. आता सोताला काय म्हणू?" मी हसू दाबलं. आवाज त्यांचा हसरा होता, पण चेहरा तसा नव्हता, ते मी फटीतून बघितलं.

माझ्या दुसऱ्या बाजूला हदगावकडच्या एक मॅडम होत्या. त्यांनी मात्र खरंच डोळे मिटले. मी त्यांच्या घोरण्याची वाट बघत बसले. घोरणं आलं नाही, पाणी आलं. गालावरून हनुवटीपर्यंत गेलं, तरी त्यांनी ते पुसलं नाही. परीक्षेतलं रडू मला ओळखता येतं. एक उत्तर न आल्याचं असतं, एक पकडले गेल्याचं असतं. हे तिसरंच काहीतरी होतं. कुणी त्यांचं नाव लिहून घेतंय का म्हणून मी सभागृहभर नजर फिरवली. कुणीच लिहीत नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी ताईंना गाठलं. "ताई, याचा अहवाल कुठे पाठवायचा?"

"अहवाल नाही पाठवायचा."

"मग फोटो?"

"फोटोसुद्धा नाही. हे तुमच्यासाठी आहे."

त्या हसून पुढे गेल्या आणि माझा संशय आणखी वाढला. आमच्याकडे झाड लावलं तर खड्ड्यासकट फोटो लागतो, मुलांनी हात धुतले तर साबणासकट लागतो. ज्याचा फोटो नाही ते झालंच नाही. मग फोटोशिवाय आमच्यावर कुणी करुणा का करावी? परतीच्या बसमध्ये, मुखेड येईपर्यंत, मी आणि बिराजदार सर याच प्रश्नावर बोलत होतो. दोघांपैकी कुणीच रडलं नव्हतं, म्हणून आम्ही स्वतःवर खूशही होतो.

घरी अव्वा होती. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं घर त्यांना अव्वा म्हणतं आणि मीही अगं-तुगंच करते. तीन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. नवरा लातूरला नोकरीला, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. दिवसा अव्वाजवळ बसायला एक बाई येते. बाकीचं सगळं माझ्याकडे. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादर काढायची, मऊ भात भरवायचा. भात भरवताना अव्वा तोंड घट्ट मिटते, माझ्याकडे संशयानं बघते, जणू मी त्यात काही कालवलंय. संशयाच्या बाबतीत सासू-सुनेचं छान जमतं.

त्या दिवशी मी तिला प्रशिक्षणाची गंमत सांगितली आणि तिच्यासमोर उभी राहून छातीवर हात ठेवून दाखवला. अव्वानं बघितलं आणि जड जिभेनं विचारलं, "का गं? छातीत दुखायलंय का?"

"नाही गं. स्वतःवर माया करायची म्हणे अशी."

अव्वानं डाव्या हातानं चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाली, "सोतावर? अन् का?"

करुणा हा शब्द आमच्या घरात शिवासाठी होता, फार तर गाईसाठी. बाईनं स्वतःसाठी तसलं काही करायचं ठरवलं की त्याचं नाव बदलून थेर होतं. आणि खरं सांगू? मला राग यायचा. अव्वानं चमचा ढकलला, भात चादरीवर सांडला की इतका राग यायचा, की मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडून उभी राहायची. मग शाळेत जाऊन सेवाभाव या विषयावर निबंध लिहून घ्यायची. हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर ते आपलं नाव लिहून घेणार नाहीत कशावरून?

आणि मग परीक्षा सुरू झाली.

जळकोटच्या केंद्रावर त्या वर्षी कडक व्यवस्था होती. आजूबाजूची झेरॉक्सची दुकानं बंद, फाटकावर पोलीस, वर आकाशात ड्रोन भुंग्यासारखा गुणगुणत फिरायचा आणि फाटकाबाहेरच्या बोरीखाली बसलेल्या म्हाताऱ्या त्याच्या नावानं बोटं मोडायच्या. मुलींच्या चपला वर्गाबाहेर. पाण्याच्या बाटल्या पारदर्शक, त्यावरचा कागद सोललेला. परगावचे सुपरवायझर, कारण गावातल्यांवर विश्वास नाही. केंद्रावर एक बैठं पथक असतं, ते बसतं. एक भरारी पथक असतं, ते गाडीतून येतं आणि जातं. आणि सुपरवायझर असतो, तो उभा राहतो. वर्गात खुर्ची असते, पण तिच्यावर बसायचं नसतं. बसलेला सुपरवायझर पथकानं पाहिला तर त्याची खैर नसते, म्हणून ती खुर्ची तीन तास नुसती आपल्याकडे बघत राहते.

बीजगणिताचा पेपर होता. त्या दिवशी सकाळी अव्वानं दोनदा भात थुंकला होता, सांभाळायची बाई उशिरा आली होती, आणि मी चहा न पिताच धावत बस पकडली होती. उत्तरपत्रिका वाटल्या, सह्या केल्या, बारकोडचे स्टिकर तपासले, पुरवण्या बांधायला दोरे दिले. दुसरा तास लागला. खिडकीतून गरम वारा येत होता. वर्गात पेनांची खरखर, बांगडीचा एखादा आवाज. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. कुणाचा राग नव्हता, काही दुःख नव्हतं. फक्त इतकं वाटलं, की आता इथेच जमिनीवर आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

तेव्हा मला नांदेडच्या प्रशिक्षणातल्या त्या ताई आठवल्या. फुकट आहे, फोटो नाही, कुणी बघत नाही, करून तर बघू. मी फळ्याशी उभी होते. छातीवर हात ठेवला. आणि यावेळी खरंच डोळे मिटले. मैत्रिणीला काय म्हणशील? मी वाट बघितली. एकही शब्द आला नाही.

आला तो बाक सरकल्याचा आवाज. डोळे उघडायच्या आत कुणीतरी माझं कोपर घट्ट धरलं.

"मॅडम! मॅडम, तुमी बसा! आधी तुमी बसा!"

दुसऱ्या रांगेतली एक काटकुळी पोर. एका हातात तिची पाण्याची बाटली, दुसऱ्या हातानं मला खुर्चीकडे ओढत होती. तिच्या बोटांत एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे. मी काही बोलायच्या आत खुर्चीवर बसलेली होते. सगळा वर्ग उभा. "मॅडमला अटॅक आला!" कुणीतरी ओरडलं. आणि त्याच क्षणी दारात भरारी पथक.

बाहेरून काय दिसलं असेल याचा विचार करा. सुपरवायझर खुर्चीत बसलेली, वर्ग उभा, आणि एक परीक्षार्थी जागा सोडून बाटली घेऊन सुपरवायझरला चिकटलेली. मी पथकात असते तर मीसुद्धा दुसरं काही समजले नसते.

पथकाच्या प्रमुख मॅडम धिप्पाड होत्या, आवाज बसका. त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि त्या पोरीच्या बाकावरची उत्तरपत्रिका उचलून हातात घेतली. "नाव?"

"सारिका."

"जागेवरून का उठलीस?"

तिची नजर उत्तरपत्रिकेवर खिळली होती. माझीही. त्या कागदांवर गैरप्रकाराचा शेरा पडला की या पोरीचं वर्ष गेलं. आणि गावाकडच्या पोरीचं दहावीचं वर्ष गेलं की पुढे काय होतं ते मला माहीत आहे. ती पुन्हा वर्गात दिसत नाही, थेट कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत दिसते.

"मॅडम, मला चक्कर..." मी सुरुवात केली.

"चक्कर?" त्यांनी मला मध्येच तोडलं. "हे नाटक मी रोज बघते. इकडे सुपरवायझरला चक्कर येते, तिकडे चिठ्ठी फिरते."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर माझ्या ओळखीची होती. अप्पांची होती ती. बावीस-तेवीस वर्षं मी ती दुसऱ्यांवर रोखत आले. आज पहिल्यांदाच पोतं मी होते आणि नळी दुसऱ्याच्या हातात होती. माझ्याजवळचं प्रत्येक खोटं त्यांनी आधीच फोडून बघितलेलं होतं, म्हणून माझ्यापाशी फक्त खरंच उरलं.

"चक्कर नाही आली," मी म्हणाले. "मी स्वतःवर करुणा करत होते."

मागे उभ्या असलेल्या पोलिसानं खोकला काढला.

"काय करत होतात?"

"छातीवर हात ठेवून डोळे मिटायचे आणि मैत्रिणीला म्हणतो तसं काहीतरी स्वतःला म्हणायचं. प्रशिक्षणात शिकवलं होतं. या मुलीला वाटलं मला अटॅक आला. ती मला वाचवायला उठली. तिचा काही दोष नाही, डोळे मी मिटले होते. जे काही लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

सांगता सांगता माझे कान तापले. सगळ्या वर्गासमोर, दहावीच्या पोरींसमोर, हे सांगायचं! पण इतकं वेडगळ खोटं कुणी जुळवून आणत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी सारिकाची बाटली उजेडाकडे धरली, तिचे तळवे उलटेपालटे बघितले, कंपासपेटी रिकामी केली. काही निघालं नाही. मग माझ्याजवळ येऊन आवाज उतरवून विचारलं, "नांदेडचं का? ते आलं घातलेल्या चहाचं?"

"हो."

"मग काय म्हणालात स्वतःला?"

"काहीच नाही. वाक्यच सुचलं नाही."

त्यांनी उत्तरपत्रिका सारिकाच्या बाकावर ठेवली. "मलाही तिथं सुचलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. आणि लगेच सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा बसक्या आवाजात, "सुपरवायझरनं डोळे मिटायचे नसतात, लक्षात ठेवा." गाडीचा आवाज दूर गेला तरी सारिकाचं पेन चालेना. मी तिच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. नियमानं मी तिच्याशी बोलू शकत नव्हते. थोड्या वेळानं तिनं पेन उचललं.

पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर, बोरीखाली, ती दप्तर छातीशी धरून थांबली होती. मी तिला बघितलं आणि माझ्यातली भीती रागाच्या रूपानं बाहेर पडली. "अक्कल आहे का तुला? वर्ष गेलं असतं तुझं! जागा सोडायची नाही, सांगितलं होतं ना?"

"हाव मॅडम."

"मग?"

ती खाली बघत बोलली. "माझे पप्पा पंक्चरचं दुकान करत होते. तुमी हुब्या होत्या तसेच हुबे होते, छातीवर हात ठिवून, डोळे मिटून. मी म्हनलं, पप्पा, बसा. तर म्हनले, काई न्हाई झालं, गिऱ्हाईक हुबं हाय, हे येवढं टायर करतो अन् बसतो." तिनं ओठ आवळले. "ते बसलेच न्हाईत मॅडम."

बोरीच्या वर आकाशात ड्रोन अजून गुणगुणत होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं, शिक्षिका आहे मी. पण घरोघरी मातीच्या चुली, चालायचंच, यातलं काहीही तिच्यापुढे ठेवायची लाज वाटली. मी तिचा हात धरला. तोच हात, ज्यानं मला खुर्चीत ढकललं होतं. इतक्या वर्षांत परीक्षेच्या दिवसांत एखाद्या मुलीचा हात मी तपासण्यासाठी सोडून दुसऱ्या कशासाठी धरल्याचं मला आठवत नाही.

"तुमी डॉक्टरला दाखवा," ती म्हणाली.

"अगं, मला काही झालेलं नाही."

"पप्पाबी तसंच म्हनले हुते."

मी उदगीरला उतरल्यावर घरी न जाता दवाखान्यात गेले. ईसीजी काढला, काळजात काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दमलाय, विश्रांती घ्या. हे सगळ्यांनाच म्हणतात, यांचं काय जातंय, असं वाटून मी तो कागद पर्समध्ये टाकला. निकाल लागल्यावर सारिका आपल्या आईला घेऊन उदगीरला आली, पेढे घेऊन. पास झाली होती, बीजगणितातसुद्धा. पायाला हात लावायच्या आधी तिनं विचारलं, "मॅडम, ईसीजी काढला का?"

"काढला. सगळं ठीक आहे."

"दावा."

मी कागद काढून दिला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या वाकड्यातिकड्या रेघांवरून ती बोट फिरवत गेली, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत, मी हॉल तिकिटावरचा फोटो आणि चेहरा ताडून बघते तशी. मला अप्पांची आठवण झाली. पण अप्पांना पोत्यात खोट सापडावी असं वाटायचं. या पोरीला ती सापडू नये असं वाटत होतं. संशयाचा हाही एक प्रकार असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या पुण्याच्या ताईंवर माझा आजही पूर्ण विश्वास नाही. स्वतःची मैत्रीण व्हा, म्हणे. ज्या बाईला मैत्रिणीशी नीट बोलता येत नाही तिनं स्वतःशी काय बोलावं? ते वाक्य माझ्या आतून आलंच नाही, बाहेरून आलं, जळकोटच्या एका पोरीच्या तोंडून, 'आधी तुमी बसा', आणि त्यासाठी तिनं आपलं वर्ष पणाला लावलं. मग त्याला स्व-करुणा म्हणायचं का? बिराजदार सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, उत्तर बरोबर आलं ना? मग रीत कुठली का आसंना." ताळ्याशिवाय काही न मानणारा माणूस हे म्हणाला, म्हणून लक्षात राहिलं.

आज सकाळी यंदाचा पहिला पेपर होता. अव्वाचा भात झाला होता, थोडा चादरीवर, थोडा पोटात. सांभाळायची बाई अजून यायची होती. मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून चहा पीत होते. चहा मी नेहमी उभ्यानंच पिते, एक घोट, मग डबा, एक घोट, मग पर्स. डब्याचं झाकण लावता लावता पोटऱ्यांत तीच जुनी कळ आली, आणि मनात म्हणाले, हे एवढं करते आणि बसते.

म्हणाले, आणि झाकण हातातच राहिलं.

मी कप घेऊन अव्वाच्या खोलीत गेले. अव्वानं मान वळवून आधी कपाकडे, मग माझ्याकडे बघितलं. या वेळेला मी तिच्या खोलीत रिकामी कधीच येत नाही. हातात चमचा तरी असतो नाही तर पावडर. तिच्या डोळ्यांत लगेच संशय आला.

"काय झालं गं?"

'काही नाही' हे ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"दमले गं, अव्वा."

मग तिनं डावा हात, तिचा चालणारा हात, अंथरुणावरून फिरवला. उशीशी पडलेला नॅपकिन बाजूला सारला, चादरीचा बोळा ओढून आपल्या अंगाखाली घेतला, आणि जी बाई स्वतःहून तसूभरही सरकू शकत नाही तिनं तिथे एका माणसाची जागा केली.

मी बसले.